इतवारी–मौदा, सिस्टीम चार

रोज अडीचला लाल.
सकाळी हिरवा, डबा खाऊन होईपर्यंत हिरवा,
आणि मे महिन्याचं ऊन गच्चीच्या सिमेंटमधून
खाली रॅकपर्यंत झिरपलं
की चार नंबरच्या कार्डावरचा दिवा लाल.
सिग्नल नाही.
सहाला, कुणी हातही न लावता, पुन्हा हिरवा.

कार्ड बदललं. पहिल्या दिवशी सगळे तेच करतात.
नवं कार्डही अडीचला लाल.
केबल बदलली. मौद्याहून धकाते म्हणाले,
"इकडं तं सगळं बराबर हाय जी मॅडम."
धकात्यांना मी चार वर्षांत पाहिलेलं नाही.
आवाजावरून वाटतं, मिशी असावी.

वरच्या ऑफिसला कारण हवं होतं, कोडमध्ये.
यादीत चोरी आहे, उंदीर आहे, जेसीबी आहे.
ऊन नाही.

निखारेकाका असते तर कानानं शोधलं असतं.
बत्तीस माणसांचं एक्स्चेंज होतं हे.
एका हिवाळ्यात सगळे स्वेच्छेनं निवृत्त झाले,
मागं उरल्या खुर्च्या, एक वॉटर कूलर, आणि मी.
जाताना त्यांनी ड्रॉवरमधले दोन पितळी लूप
माझ्या तळहातावर ठेवले, करंगळीएवढे:
"लाईन मधातून तोड. अर्धी तुयी, अर्धी त्याची.
तुयी तुले वापस येते का पाय.
आली तं तू बरी हायेस.
मंग दुसऱ्याले दोष दे."

चौथ्या दिवशी घरून केस वाळवायचं मशीन आणलं.
रहीमभाई चौकीदार दारातून बघत राहिले.
"मॅडम, आज पार्लर?"
सकाळचे नऊ. भिंती अजून गार.
एकेका कनेक्टरवर गरम वारा धरला,
मनात साठ आकडे मोजत.
पहिला, काही नाही. दुसरा. तिसऱ्याला हात भाजला.
सातव्याला एक्केचाळीसवर होते,
आणि दिवा लाल.
मशीन बाजूला घेतलं. फुंकर घातली.
हिरवा.
पुन्हा वारा. लाल.
रिकाम्या हॉलमध्ये मी मोठ्यानं हसले.

भिंगाखाली, डागाभोवती, केसाएवढी गोल चीर.
कुणीतरी कधीतरी घाईत दिलेला डाग.
तापला की तांब्यापासून सुटायचा,
निवला की परत टेकायचा, काही झालंच नाही असा.
जुना काढला, नवा दिला. राळेचा धूर डोळ्यात.
मग काकांचे दोन लूप, दोन्ही तोंडांना:
माझी मला, धकात्यांची धकात्यांना.
अडीच वाजले. सव्वातीन.
बाहेर शेहेचाळीस डिग्री.
दोन्हीकडं हिरवं, एरर शून्य.

सहाला डायरीत लिहिलं: दुरुस्त.
कारणाच्या रकान्यात: ऊन.

गांधीबागेच्या सिग्नलला मोबाईल वाजला.
"मॅडम, लाईन एकदम झकास हाय.
दिवा हिरवा, एरर शून्य.
पण इतवारीत फोनच लागून नाही रायला.
कोणताबी नंबर लावला
तं मीच मले भेटून रायलो."

सिग्नल सुटला होता. मागचा ई-रिक्षावाला
माझ्या सात पिढ्यांची चौकशी करत होता.
स्कूटर वळवली.

रहीमभाईंनी न विचारता कुलूप काढलं.
हॉल अजून तापलेला. लूप जागच्या जागी,
आणि दिवे, किती समाधानी.
एक ओढला. दुसरा ओढला.
मधला जुना तुकडा परत बसवला.
दोन्ही दिवे जरा वेळ लाल झाले,
मग एक हिरवा. मग, विचार करून, दुसरा.

टेबलावरचा काळा फोन वाजला.
"हॅलो? कोण?"
"मी."
तिकडं थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"आता तुम्हीच हाव ना जी?"